रमाईच्या दुखण्याचं काय?

रमाईवर गाणं लिहिलं नाही असा कवी आपल्यात शोधून सापडायचा नाही. शेण्या थापणारी रमाई, साहेबांचा अभ्यास मोडू नये म्हणून हुंदका गिळणारी रमाई. ढोलकी घुमते, बाया पदरानं डोळे पुसतात. मीही पुसलेत. पण मी ऐकलेल्या गाण्यांत रमाई कधी आजारी पडत नाही. त्याग करते आणि एकदम मरते.

गंगाधर, रमेश, इंदू, राजरत्न. चार लेकरं गेली. राजरत्न गेला जुलै १९२६ मध्ये. पुढच्या महिन्यात बाबासाहेबांनी दत्तोबा पवारांना पत्र लिहिलं. त्यात बाप उघडा रडलाय. आपण दोघं सावरलोय असा आव त्यांनी आणला नाही. २७ मे १९३५ ला रमाबाई दुखण्यानं गेल्या. मधली नऊ वर्षं कवींनी कुठं घालवली?

२००३ साली लॅन्सेट या डॉक्टरी नियतकालिकात डेन्मार्कचा अभ्यास आला. ज्यांचं मूल गेलं त्या आयांमध्ये मरणाचं प्रमाण इतर आयांपेक्षा चाळीस टक्क्यांहून जास्त निघालं. अपघात-आत्महत्येचं पहिल्या तीन वर्षांत जवळजवळ चौपट. आजारानं मरण्याचं मात्र दहा ते अठरा वर्षांनी वाढलेलं. म्हणजे दुःख अंगात इतकं मुरतं. आणि हा पोटभर खाणाऱ्या देशाचा हिशेब! रमाई कशानं गेल्या हे मी यातून काढत नाही, ते डॉक्टरांचं काम. पण कवीनं निदान वर्षं तरी मोजावीत की नाही?

बेबीताई कांबळेंनी ‘जिणं आमुचं’मध्ये बाईचं अंग लिहिलं. कोवळी बाळंतीण, तिची भूक, तिच्या वेणा. तिथं आरती नाही, म्हणून ते वाचताना पोटात कालवतं.

आणि आजी? आपल्या कवितेतली आजी नुसती जात्यावर गाते. माझा धाकटा भाऊ गेला तेव्हा आजीनं आईला धरलं, स्वतः रडली नाही. लेकीचंही सोसायचं, नातवाचंही. पुढं तिची झोपच गेली. मी सूतगिरणीतून रात्रपाळी करून यायचो, तर ही उंबऱ्यात बसलेली. रक्तदाब वाढलेला. दवाखान्यात म्हणाले, वय झालं. घरात मेलेल्या पोराबद्दल कुणी विचारलंच नाही. आता डॉक्टरला काय बोलायचं, आम्ही कवींनी तरी कुठं विचारलंय?

संपादक, जयंतीच्या अंकाला रमाईवरच्या कविता ढिगानं येतील. त्यात कुणी १९२६ ते १९३५ वर लिहिलं असेल, तर ती आधी छापा. माझी मागं ठेवलीत तरी चालेल.