यंत्राचे 'अध्ययन' आणि अभिसरणाची सिद्धता : एक चिकित्सा

सुगुरु अरिमोतो, सादाओ कावामुरा आणि फुमिओ मियाझाकी यांचा 'बेटरिंग ऑपरेशन ऑफ रोबोट्स बाय लर्निंग' हा शोधनिबंध 1984 साली 'जर्नल ऑफ रोबोटिक सिस्टिम्स'मध्ये प्रसिद्ध झाला. उचियामा यांनी 1978 मध्ये जपानी भाषेत तत्सम कल्पना मांडली होती. तथापि 'इटरेटिव्ह लर्निंग कंट्रोल' या शाखेचा पाया म्हणून प्रामुख्याने याच निबंधाचा उल्लेख होतो. यंत्रहस्ताला एकच मार्ग पुनःपुन्हा आक्रमायचा असेल, तर मागील फेरीतील त्रुटी नोंदवून ठेवावी आणि तिच्या बदलाच्या दराच्या प्रमाणात पुढील फेरीच्या आज्ञेत दुरुस्ती करावी, हे त्याचे सूत्र. यंत्राचे तंतोतंत गणिती प्रतिमान हाती नसतानाही ते लागू पडते, हे त्याचे निर्विवाद सामर्थ्य होय. मात्र प्रत्येक फेरी त्याच स्थितीतून सुरू झाली पाहिजे.

'अध्ययन' हा शब्द येथे काहीसा उदारपणे योजला आहे. पाटीवर अक्षर गिरवणारे मूल पुढे न गिरवलेला शब्दही लिहू लागते. हे यंत्र गिरवलेल्या मार्गापलीकडे जात नाही. मार्ग बदलला की साठवलेली आज्ञा निरुपयोगी ठरते.

खरा आक्षेप सिद्धतेविषयी आहे. फेऱ्या वाढतील तशी त्रुटी शून्याकडे जाते, हे लॅम्डा-नॉर्मच्या आधारे दाखवले जाते. या मापनात क्षण जितका उशिराचा, तितके तेथील त्रुटीचे वजन घातांकी प्रमाणात घटते. शिवाय लॅम्डाचे मूल्य हवे तितके मोठे घेण्याची मुभा असते. परिणामी मार्गाच्या उत्तरार्धात त्रुटी कित्येक फेऱ्या प्रचंड वाढत असली, तरी कागदावर ती घटतच असते. गणित निर्दोष आहे. परंतु मधल्या फेऱ्या प्रत्यक्ष सांध्यांना व मोटारींना सोसाव्या लागतात, त्याचे काय? रिचर्ड लाँगमन यांनी 2000 साली 'इंटरनॅशनल जर्नल ऑफ कंट्रोल'मध्ये नेमका हाच धोका अधोरेखित केला. उच्च वारंवारतेवरील दुरुस्ती रोखणारी गाळणी वापरल्यास त्रुटी पूर्णतः शून्य होत नाही, पण योग्य रचनेत ती फेरीगणिक उतरत जाते. प्रस्तुत लेखकाच्या मते हा सौदा स्वीकारार्ह आहे, आणि वर्गात अभिसरणाच्या प्रमेयाइतकाच वेळ त्याला दिला पाहिजे.

साउदॅम्प्टन विद्यापीठातील संशोधकांनी ही पद्धती पक्षाघातग्रस्तांच्या हाताच्या पुनर्वसनासाठी, स्नायूंना विद्युत-उद्दीपन देताना वापरली. तेथे स्नायू थकतात म्हणून फेऱ्या मोजक्याच मिळतात, आणि थकव्यासरशी स्नायूंचा प्रतिसादही बदलतो. अनंत फेऱ्यांनंतरच्या शून्याची हमी अशा रुग्णाच्या उपयोगाची नाही. त्याला दुसरी फेरी पहिलीपेक्षा बरी हवी असते.