‘गुरांचा संपर्क’ : रोगनकाशांतील एका संज्ञेची चिकित्सा

गोचिडींमार्फत पसरणाऱ्या विषाणुजन्य रोगांचा धोका नकाशावर दाखविताना गुरांचा आधार घेण्याची पद्धती आता रूढ झाली आहे. ती मुळात सयुक्तिक होय. गोचिडी माणसापेक्षा गुरांस कितीतरी अधिक लागतात. परंतु ‘गुरांचा संपर्क’ ही तिची मध्यवर्ती संज्ञा दोन भिन्न अर्थांनी वापरली जाते, आणि नकाशावर ते दोन्ही एकाच रंगात बुडून जातात.

क्रिमियन-काँगो रक्तस्रावी तापात जनावर हे साक्षीदार असते. संसर्ग होऊनही ते सहसा आजारी दिसत नाही; मात्र त्याच्या रक्तातील प्रतिपिंडे दीर्घकाळ टिकतात. २०११ साली गुजरातेत हा रोग भारतात प्रथम निश्चित झाला. त्याच प्रांतातील मालधारी आपले कळप घेऊन दूरदूर हिंडतात. तेव्हा रक्त जेथे घेतले तेथेच गोचीड चावली, हे गृहीत कसे धरावे? बोलींच्या नकाशात शब्द जेथे नोंदला तेथेच तो जन्मला, असे कोणी मानीत नाही. झिल्येराँच्या फ्रेंच बोलीसंग्रहात ६३९ ठिकाणांचे उच्चार त्या त्या बिंदूशी छापले आहेत. मधली जागा रंगविलेली नाही. हा संयम रोगनकाशात क्वचितच आढळतो.

क्यासनूर अरण्यरोगात गुरांची भूमिका निराळीच आहे. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यात आढळलेल्या या रोगाचा विषाणू माकडे व लहान सस्तन प्राणी यांच्यात वाढतो. गुरांच्या रक्तात तो फारसा वाढत नाही. गुरे पोसतात ती गोचीड. पावसाळ्यात रानात चरणाऱ्या जनावरावर प्रौढ मादी रक्त पिते, गळून पडून अंडी घालते. पावसानंतर अळ्या व पुढे उन्हाळ्याच्या सुमारास अर्धप्रौढ गोचिडी निपजतात. माणसास मुख्यतः त्याच चावतात. म्हणजे येथे गुरे विषाणूची साक्ष देत नाहीत, काही महिन्यांनी येणाऱ्या गोचिडींची संख्या तेवढी सुचवितात. एका रोगात भूतकाळाचा पुरावा असलेली गोष्ट दुसऱ्यात भविष्याचे कारण ठरते. दोहोंस एकच नाव देणे म्हणजे, सौम्य शब्दांत, गैरसोयीचे आहे.

ही गैरसोय केवळ शाब्दिक नव्हे. २०१५ साली गोव्यातील सत्तरीत व २०१६ साली सिंधुदुर्गातील दोडामार्गात हा रोग पसरला, तेव्हा काजूच्या बागांत राबणारी माणसे त्याच्या तडाख्यात सापडली. काजूचा हंगाम आणि अर्धप्रौढ गोचिडींचा काळ एकच. पशुगणनेत मात्र जनावर नोंदले जाते ते मालकाच्या गावी. ते कोणत्या रानात चरले, याची नोंद तेथे नसते. त्या गणनेवरून रंगविलेल्या नकाशात गोठ्यांचे गाव गडद दिसेल, आणि डोंगरउतारावरची काजूची बाग फिकी.