बालस्थूलतेचा नकाशा : काही आक्षेप

पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९–२१) पाच वर्षांखालील ३.४ टक्के भारतीय बालके अतिवजनी ठरली. चौथ्या पाहणीत (२०१५–१६) हे प्रमाण २.१ टक्के होते. या आकड्यांवरून जिल्हावार नकाशे रंगवावेत आणि गडद रंगाला धोका व फिक्या रंगाला निर्धोकपणा समजावे, अशी वाचनपद्धती रूढ होऊ पाहत आहे. तिचा पाया भक्कम नाही.

जिल्ह्यामागे मोजलेली बालके सरासरीने तीनशेच्या आसपास. त्यांचे ३.४ टक्के म्हणजे दहाएक मुले. चार मुले कमीअधिक झाली की जिल्ह्याचा रंग पालटतो. हा दोष मात्र निदान उघड आहे. मापाचा दोष अधिक खोल आहे. पाहणी मेद मोजत नाही, उंचीच्या मानाने वजन मोजते. लडाखमध्ये हे प्रमाण १३.४ टक्के भरले, तेव्हा ‘स्थूलता म्हणजे शहरी सुबत्ता’ हे ठरीव उत्तर तेथे लागू पडेना. उंची खुंटलेल्या बालकाचे वजनही उंचीच्या मानाने अधिक भरू शकते, याचा विचार नकाशाच्या वाचकाने प्रथम करावयास हवा.

याच्या उलट बाजूचा पुरावा पुण्याचा आहे. डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे परिसरातील खेड्यांत जन्मलेल्या अर्भकांची तुलना इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या अर्भकांशी केली (२००३). सरासरी जन्मवजन येथे २.७ किलो, तेथे ३.५ किलो. पुण्याच्या अर्भकांचे पोट व स्नायू बरेच लहान. परंतु पाठीवर, खांद्याच्या फऱ्याखाली मोजलेली त्वचेची घडी त्या मानाने फारशी उणी नव्हती. ‘कृश तरी मेदयुक्त’ असे हे अर्भक कोणत्याही वजनी नकाशात फिक्या रंगातच पडणार, आणि पुढील मधुमेहाच्या जोखमीचा माग तर याच देहरचनेत लागतो.

येथे भाषेचाही थोडा दोष आहे. मराठीत मूल ‘बाळसे धरते’, ‘गुटगुटीत’ होते. हे कौतुकाचे शब्द आहेत. किरकोळ बांध्याच्या मुलाच्या अंगी मेद असू शकतो, हे सांगणारा रुळलेला शब्दच नाही. ‘अतिवजन’ आणि ‘स्थूलता’ हे पर्याय म्हणून वापरणारे अभ्यासक त्या गोंधळात भरच घालतात.

समग्र राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणाने (२०१६–१८) त्वचेच्या घडीबरोबर रक्ताचीही तपासणी केली. शाळकरी मुलांत अतिवजनी सुमारे ४ टक्के, किशोरवयीनांत ५ टक्के. मधुमेहपूर्व अवस्थेतील मुले मात्र दोन्ही गटांत सुमारे १० टक्के. हे निष्कर्ष राज्यांपुरते आहेत, जिल्ह्यांपर्यंत उतरत नाहीत. तेव्हा जिल्ह्याचा जो नकाशा आज उपलब्ध आहे तो वजनाचाच आहे, आणि त्याच्या शीर्षकात ‘वजन’ हाच शब्द असावा.