पॉल मॅन्ट्झ : साहस आणि हिशेब

चित्रपटासाठी विमान चालविणारा माणूस समीक्षेच्या कक्षेत सहसा येत नाही. नटाच्या अभिनयाची चर्चा होते, दिग्दर्शकाच्या शैलीची होते. वैमानिक मात्र बातमीपुरता उरतो, आणि तीही बहुधा त्याच्या मृत्यूची. अमेरिकन वैमानिक पॉल मॅन्ट्झ (१९०३-१९६५) याच्या वाट्याला 'साहसी' हे विशेषण उदंड आले. आमच्या मते ते अपुरे आहे. इतकेच नव्हे, तर त्याच्या कामाचा अर्थ झाकून टाकणारे आहे.

तरुणपणी ते त्याला शोभले असते. लष्करी वैमानिकाचे शिक्षण संपत आले असता, धावत्या आगगाडीवर विमान अगदी खाली उतरविल्याबद्दल त्याला काढून टाकण्यात आले. पुढे हॉलिवूडमध्ये नाव मिळविल्यावर मात्र आपण कसरतपटू नसून नेमके उड्डाण करणारे वैमानिक आहोत, असा त्याचा आग्रह असे. बेंडिक्स करंडकाची शर्यत त्याने १९४६, १९४७ आणि १९४८ अशी सलग तीन वर्षे जिंकली. कॅलिफोर्निया ते क्लीव्हलँड हे अंतर दोन हजार मैलांहून अधिक. मॅन्ट्झने आपल्या मस्टँग विमानाचे पंखच बंदिस्त करून त्यांत इंधन भरले; त्यामुळे वेग रोखणाऱ्या बाहेरच्या टाक्याही नकोत आणि वाटेत थांबणेही नको. हा विजय छातीपेक्षा हिशेबाचा होता.

'ट्वेल्व्ह ओ'क्लॉक हाय' (१९४९) या चित्रपटात हाच गुण कलेच्या पातळीवर दिसतो. दहाजणांच्या ताफ्याचे चार इंजिनांचे बॉम्बफेकी विमान मॅन्ट्झने एकट्याने, चाके न उघडता जमिनीवर उतरविले. विमान घसरत तंबूंवर जाऊन थांबते. या दृश्यात कुठेही दिखाऊपणा नाही. विमान जड, थकलेले, जखमी वाटते. म्हणूनच त्यातून बाहेर येणाऱ्या सैनिकांच्या यातना आपल्याला खऱ्या वाटतात. कसरत कथेत विरघळून गेली, हेच तिचे यश.

यानंतर 'द फ्लाइट ऑफ द फीनिक्स' (१९६५) पाहावा. वाळवंटात कोसळलेल्या विमानाच्या अवशेषांतून नवे विमान बांधण्याची ही कथा. जेम्स स्ट्यूअर्टने रंगविलेला जुना वैमानिक अनुभवावर विसंबतो. हार्डी क्रूगरचा तरुण अभियंता गणितावर. तो केवळ विमानांच्या प्रतिकृती बनवितो, हे उघड होते तेव्हा हा संघर्ष शिगेला पोहोचतो. रॉबर्ट ऑल्ड्रिचने तो समर्थपणे उभा केला आहे. तरीही अनुभव आणि गणित दोन माणसांत वाटून देणे आम्हांस सोयीचे वाटते. मॅन्ट्झच्या ठायी ते एकत्र नांदत होते.

कथेतील विमानासाठी खरे उडणारे विमान तयार करण्यात आले. मॅन्ट्झचा भागीदार फ्रँक टॉलमन पायाच्या दुखापतीमुळे उपलब्ध नव्हता. ८ जुलै १९६५ रोजी ॲरिझोनातील यूमाजवळ मॅन्ट्झ स्वतः उडाला. दुसऱ्यांदा चित्रण चालू असता विमान एका लहान उंचवट्यास लागले, दुभंगले आणि मॅन्ट्झ मरण पावला. सोबतचा बॉबी रोझ गंभीर जखमी झाला. चित्रपट दुसऱ्या विमानाच्या साहाय्याने पुरा करण्यात आला आणि अखेरीस मॅन्ट्झला आदरांजली वाहण्यात आली.

पडद्यावर विमान सुखरूप उडते आणि गणित खरे ठरते. प्रत्यक्षात ज्याने आयुष्यभर गणित सांभाळले, त्याला एका उंचवट्याने गाठले. ही विसंगती चित्रपटाचे मोल कमी करीत नाही. पण शेवटच्या उड्डाणातील आनंद निर्भेळ राहू देत नाही. आदरांजलीच्या दोन ओळी दिग्दर्शकाचे ऋण फेडतात, समीक्षेचे नव्हे. मॅन्ट्झला हुतात्मा म्हणून गौरविणे सोपे आहे. त्याचे काम रचनेचा भाग म्हणून पाहणे, त्यातील संयम ओळखणे आणि त्या कामाला त्याचे नाव देणे, एवढे तरी समीक्षेने करावे.