शनवार तेली आणि विद्यापीठे

दिवाळीच्या पहाटे अभ्यंगस्नान उरकून फराळाला बसलेल्या घरात कुणी विचारले, की ही करंजी धर्मात मोडते की संस्कृतीत, तर त्याला उत्तराऐवजी आणखी एक करंजी वाढली जाईल; आणि ते योग्यच होईल. आजोबांच्या लेखी दिवाळी हा नेम आहे, आईच्या लेखी घरची रीत, मुलांच्या लेखी सुट्टी. देवाला न मानणारा काकाही उटणे लावून घ्यायला पाटावर बसतोच. आपल्याला हा प्रश्न पडत नाही, कारण आपण दिवाळीच्या आत उभे आहोत. पण उद्या दूरदेशीच्या विद्यार्थ्याला ती शिकवायची झाली तर कोणी शिकवावी? धर्मशास्त्राच्या प्राध्यापकाने, इतिहासाच्या, की वहीपूजनामागचा व्यवहार जाणणाऱ्या अर्थशास्त्रज्ञाने?

ज्यू लोकांच्या बाबतीत हा प्रश्न गेली दोनशे वर्षे विद्यापीठांपुढे आहे. आज अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांत बी. ए. च्या वर्गांना धर्म, इतिहास, भाषा, वाङ्मय, समाजशास्त्र अशा अनेक शास्त्रांच्या संगमावर 'ज्यू संस्कृती' शिकवली जाते. मी स्वतः मॅट्रिकपुढे गेलो नाही. विद्यापीठाची पायरी चढलो ती कुणाच्या तरी पदवीदानाला पाहुणा म्हणून. तेव्हा मी या अभ्यासक्रमाची चिकित्सा करावी यात थोडा आगाऊपणा आहे. पण ज्या प्रश्नातून तो जन्मला, तो आपल्या कोकणात पूर्वीपासून दाराशी उभा आहे, म्हणून हे धाडस.

कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या रायगडात, तेलाचे घाणे चालवणारे काही लोक शनिवारी घाणा बंद ठेवीत. शेजाऱ्यांनी त्यांना नाव दिले 'शनवार तेली'. हेच आपले बेने इस्रायल. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून सात जोडपी वाचली आणि त्यांचा हा वंश वाढला, असे त्यांची परंपरा सांगते. त्यांची बोली मराठी, आडनावे केहिमकर, राजपूरकर, दिवेकर अशी. पोथी हाती नाही, हिब्रू भाषा विसरलेली. उरले होते ते एवढेच: शनिवारचा विसावा, मुलाची सुंता, खाण्यापिण्याचे काही निर्बंध आणि देव एकच आहे असे सांगणारे 'शेमा' हे प्रार्थनावचन. डेव्हिड राहबी नावाच्या ज्यू माणसाने त्यांची परीक्षा घेतली, अशी कथा सांगतात. त्याने बायकांपुढे निरनिराळे मासे ठेवले. त्यांनी खवले आणि पर असलेले मासे तेवढे वेगळे काढले आणि बाकीचे आम्ही खात नाही म्हणून सांगितले. राहबीची खात्री पटली. ग्रंथात जे हरवले होते ते चुलीपाशी शाबूत होते.

ज्यूंच्या पंडिती अभ्यासाची सुरुवात मात्र ग्रंथांपासून झाली. १८१९ साली बर्लिनमध्ये काही तरुण ज्यूंनी आपल्या समाजाच्या संस्कृतीचा आणि शास्त्रीय अभ्यासाचा एक संघ काढला. लिओपोल्ड झुन्झ त्यात होते, एदुआर्द गान्स होते, पुढे कवी हाइनेही आला. युरोपातल्या इतर विद्यांच्या पंगतीला आपली विद्या बसवावी, ही त्यांची आकांक्षा. संघ काही वर्षांतच मोडला, आणि १८२५ साली गान्स व हाइने या दोघांनीही ख्रिस्ती धर्म स्वीकारला. झुन्झ मागे राहिले आणि लिहीत राहिले. १८४८ साली त्यांनी बर्लिन विद्यापीठात या विषयाचे अध्यासन मागितले. सरकारने नकार दिला. पुढे १८७२ साली ज्यूंनी बर्लिनमध्ये आपली स्वतंत्र उच्च शाळा काढली, ती नाझी राजवटीने १९४२ साली बंद केली. विद्यापीठाच्या पंगतीत पान मांडले गेले ते अमेरिकेत. १९२५ साली हार्वर्डमध्ये हॅरी वुल्फसन आणि १९३० साली कोलंबियात सालो बॅरन या अध्यासनांवर बसले.

यानंतर १९३४ साली एक जाडजूड पुस्तक आले: मॉर्डेकाय कॅप्लन यांचे 'ज्युडाइझम अ‍ॅज अ सिव्हिलायझेशन'. कॅप्लन स्वतः रब्बी. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की ज्यूपण म्हणजे केवळ काही श्रद्धांची यादी नव्हे. भूमी, भाषा, वाङ्मय, कायदा, चालीरीती, कला आणि अर्थातच देवाविषयीची कल्पना, या सर्वांची मिळून एक नांदती, बदलती संस्कृती होते. हे सनातन्यांना मानवणे शक्यच नव्हते. १९४५ साली कॅप्लन यांनी नव्या विचाराचे प्रार्थनापुस्तक काढले, तेव्हा सनातनी रब्बींनी त्यांना बहिष्कृत केले आणि त्या पुस्तकाची प्रत जाळली. अभ्यासक्रमांच्या नावातल्या 'संस्कृती' या शब्दामागे असा एक वाद आहे. २००३ साली वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउन विद्यापीठाने ज्यू संस्कृतीचा अभ्यासक्रम सुरू केला. हे विद्यापीठ येशूसंघीय कॅथलिकांचे, आणि अभ्यासक्रम ठेवला तो परराष्ट्रसेवेच्या विद्यालयात! कॅप्लन यांच्या शब्दाने केवढा पल्ला गाठला, हे यावरून दिसावे.

पण अनेक शास्त्रे एकत्र आणल्याने खरोखर काही साधते काय? माझ्या मते साधते, आणि याचा सर्वांत मोठा दाखला कैरोचा आहे. आपण जीर्ण पोथी रद्दीत घालत नाही, नदीत सोडतो. ज्यूही देवाचे नाव लिहिलेला कागद फेकत नाहीत, तो पुरतात. जुन्या कैरोतल्या बेन एझ्रा प्रार्थनामंदिरात असे कागद एका कोठीत टाकण्याची प्रथा होती. या कोठीला म्हणत गेनिझा. कोणता कागद पवित्र आणि कोणता नाही, हे निवडत बसायला कुणाला सवड नव्हती. म्हणून प्रार्थनांबरोबर हुंड्या, काडीमोड, वाण्याची यादी, मुलांची धुळाक्षरे, सारेच शतकानुशतके त्या कोठीत पडत गेले. १८९६च्या अखेरीस सोलोमन शेख्टर तेथे गेले आणि दोन लाखांच्या आसपास तुकडे त्यांनी केंब्रिजला आणले.

त्यातले व्यापाऱ्यांचे बहुतेक कागद अरबी भाषेत, पण हिब्रू लिपीत आहेत. अरबीच्या पंडिताला लिपी अडते, हिब्रूच्या पंडिताला भाषा. अर्थशास्त्रज्ञ भाव वाचील, पण हिशेबाची चिठ्ठी देवळात का, हे त्याला कळणार नाही. धर्मपंडिताला ते कळेल, पण मिऱ्यांच्या भावात त्याला रस नसेल. एस. डी. गॉयटाइन यांनी ही सारी सोंगे एकट्याने घेतली, तेव्हा कुठे 'अ मेडिटरेनियन सोसायटी' हा ग्रंथ झाला. १९६७ ते १९८८ या काळात त्याचे पाच खंड निघाले.

याच कागदांत अब्राहम बेन यिजू भेटतो. बाराव्या शतकातला हा ट्युनिशियाचा ज्यू व्यापारी मंगळूरला राहिला. त्याने तेथे काशाच्या भांड्यांचा कारखाना काढला आणि ११३२ साली आशू नावाच्या दासीला मुक्त केले. तिच्याशीच त्याने संसार थाटला, असे अभ्यासक मानतात. एडनचा त्याचा भागीदार त्याला साखर, मनुका आणि लिहायला कागद पाठवी. अमिताव घोष यांच्या 'इन अ‍ॅन अँटीक लँड' (१९९२) या पुस्तकामुळे ही गोष्ट अनेकांना ठाऊक झाली. एका देवभोळ्या रीतीने व्यापाराचा इतिहास जपला. धर्म एका खोलीत आणि व्यवहार दुसऱ्या खोलीत शिकवणाऱ्याच्या हाती हे सत्य कधी लागणार नाही.

हे मान्य केल्यावर या पद्धतीचे दोष सांगायला हवेत. पहिला दोष उथळपणाचा. गॉयटाइन सर्व शास्त्रांत वावरले, ते आयुष्यभर भाषा घोटून. बी. ए. चा विद्यार्थी एका सत्रात थोडा तालमूद, एक कादंबरी, एक चित्रपट आणि मध्यपूर्वेच्या राजकारणावरची दोन व्याख्याने इतके घेऊन बाहेर पडतो, आणि तेही बहुधा भाषांतरातून. बारा गावांचे पाणी प्यालेला, पण एकाही विहिरीचा तळ न पाहिलेला असा हा प्रवासी. माझ्या मते अशा अभ्यासक्रमात इतर काहीही ऐच्छिक असावे. निदान दोन वर्षांची हिब्रू तरी सक्तीची असावी.

दुसरा दोष अधिक नाजूक आहे. 'संस्कृती' हा शब्द ऐसपैस आहे, आणि ऐसपैस घरात देवघराची कोठी व्हायला वेळ लागत नाही. शनिवारच्या विसाव्याची कारणे समाजशास्त्र सांगील, आरोग्यशास्त्रही सांगील. पण घाणा बंद ठेवणाऱ्या माणसाने एका दिवसाची मिळकत सोडली ती देवाची आज्ञा म्हणून. ही त्याची स्वतःची साक्ष आहे. ती खरी मानायलाच हवी असे नाही, पण ऐकून घ्यायलाच हवी. योसेफ हायिम येरुशल्मी यांनी 'झाखोर' (१९८२) या छोट्या पुस्तकात हेच दुखणे दाखवले आहे: ज्यूंनी हजारो वर्षे आपला भूतकाळ विधींतून आणि सणांतून आठवला, इतिहासकाराचे लेखन त्या स्मरणाची जागा भरून काढू शकत नाही. स्वतः इतिहासकार असून त्यांनी हे लिहिले, याला मोल आहे.

तिसरा दोष मला सर्वांत जवळचा, कारण तो माझ्या वर्गातला आहे. आमच्या मुलांपुढे ज्यू येतात ते हिटलरच्या छळछावण्यांतून. मुले हळहळतात आणि मी पुढचा धडा घेतो. एकदा एका मुलाने विचारले, "सर, मारले जाण्याआधी ते लोक काय करीत होते?" मला नीट उत्तर देता आले नाही. बॅरन यांनी १९२८ साली, म्हणजे तो संहार होण्याआधीच, ज्यूंचा इतिहास केवळ अश्रूंचा इतिहास म्हणून लिहिण्याच्या प्रथेवर कडक टीका केली होती. पुढे त्यांच्या आईवडिलांना आणि एका बहिणीला त्या संहारात मरण आले, तरी त्यांनी ते मत सोडले नाही. एखाद्या समाजाला त्याच्या मारेकऱ्यांवरून ओळखणे म्हणजे मारेकऱ्यांनाच शेवटचा शब्द देणे होय. अनेक शास्त्रांच्या या अभ्यासाचे खरे पुण्य मला येथे दिसते. तो त्या मुलाच्या प्रश्नाला उत्तर देऊ पाहतो.

आणि हा वाद केवळ वर्गापुरता नाही. बेने इस्रायल मोठ्या संख्येने इस्रायलला गेले, तेव्हा तिथल्या रब्बींनी त्यांच्या विवाहांबद्दल शंका काढली. काडीमोडाचे शास्त्रोक्त नियम यांनी पाळले होते काय? १९६२ साली आदेश निघाला, की बेने इस्रायल वधूवरांची वंशावळ तपासावी. शनिवार पाळणाऱ्यांच्या नातवंडांना आता 'तुम्ही ज्यू कशावरून?' असे विचारले जाऊ लागले. १९६४ साली त्यांनी आंदोलन केले, सरकार आणि संसद त्यांच्या बाजूने उभी राहिली, आणि आदेशातला त्यांचा उल्लेख काढला गेला. मासे ओळखणाऱ्या बायकांची साक्ष राहबीला पुरली होती. ग्रंथापुरते पाहणाऱ्यांना ती पुरली नाही. धर्म म्हणजे काय, या पुस्तकी प्रश्नावर माणसांची लग्ने अडतात, ती अशी.

१८७४ साली पुण्यात बेने इस्रायलांनी वल्हांडण सणाची 'हगादा' हिब्रू-मराठीत छापली. तिच्या एका चित्रात लुगडी नेसलेल्या बायका सणाची बेखमीर भाकरी करताना दिसतात. मिसर देशातून सुटकेची कथा, युरोपी धाटणीची चित्रे, मराठी बोल आणि पदर खोचलेल्या आपल्याच आयाबहिणी! या समाजाचे कीर्तनकार अब्राहामाचे आणि योसेफाचे आख्यानही लावीत. परदेशी विद्यापीठे हे सारे आज अभ्यासतात. आपल्याकडे त्या हगादेचे पान उघडायला पदवी लागत नाही, मराठी लागते, आणि ती तर आपल्याला येते. पुढच्या वर्षी तो धडा घेण्याआधी मी मुलांना ते चित्र दाखवणार आहे.