आवाज फुटल्यावर

सोलच्या संगीत कंपन्यांत अनेक मुले दहा-बाराव्या वर्षीच प्रशिक्षणार्थी म्हणून दाखल होतात. शाळा सुटल्यावर रात्री उशिरापर्यंत गाणे, नाच, परकी भाषा, वजनाचा काटा आणि ठरावीक मुदतीने परीक्षा. पदार्पण कधी होईल याची शाश्वती नाही. बहुतेकांचे होतच नाही. 2022 मध्ये ओडिशाची श्रेया लेंका 'ब्लॅकस्वान' या गटात निवडली गेली. आमच्या हट्ट्यातही स्नेहसंमेलनात मुली आता कोरियन गाण्यांवर नाचतात. या शिक्षणक्रमाविषयी मराठीत जे लिहिले जाते त्याचा सूर बहुधा एकच : हे क्रूर आहे आणि हे तिकडचे आहे. पहिल्या विधानाबद्दल माझा वाद नाही, दुसऱ्याबद्दल आहे.

1880 साली 'शाकुंतल' घेऊन उभी राहिलेली किर्लोस्कर मंडळी आणि तिच्यामागून आलेल्या कंपन्या गळ्याची मुले हेरून आणीत. मुलगा कंपनीच्या बिऱ्हाडात राही, तिच्याच पंगतीत जेवी. दिवसा तालीम, रात्री नाटक, ते पहाटेपर्यंत चाले. मुक्काम हलला की सामानाबरोबर तोही हले. केशवराव भोसले (जन्म 1890) घरच्या गरिबीमुळे अगदी लहानपणी 'स्वदेशहितचिंतक' मंडळीत आले आणि देवलांच्या 'शारदे'त (1899) शारदा म्हणून गाजले. मला इथे थांबावेसे वाटते. पैशासाठी बाप मुलीला म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधू पाहतो, असे ते नाटक. आणि तिच्या दुःखावर टाळ्या मिळवणारा मुलगाही घरच्या नडीपायीच कंपनीत आलेला. जरठ-कुमारी विवाहाने हळहळणाऱ्या प्रेक्षकाला समोरच्या पोराचे वय दिसले नाही. 'शारदे'वरील समीक्षेतही मला या विसंगतीची दखल आढळलेली नाही.

याचे कारण आपल्या साधनांत आहे. माझ्यासारख्या खेड्यातल्या अभ्यासकाजवळ दप्तरखाने नसतात, आत्मचरित्रे असतात : गणपतराव बोडसांची 'माझी भूमिका', गोविंदराव टेंब्यांचा 'माझा जीवनविहार', चिंतामणराव कोल्हटकरांचे 'बहुरूपी'. तिन्ही पुस्तके मोलाची, कोल्हटकरांचे तर पुन्हा पुन्हा वाचावे असे. पण हे तिघेही टिकलेले, नाव झालेले लोक. यश मिळाल्यावर जुन्या हालांची तपश्चर्या होते. आपण तोच शब्द उचलला आणि रंगभूमीच्या इतिहासावर चिकटवला.

स्त्रीपार्टी मुलाचे भांडवल म्हणजे न फुटलेला आवाज. तो फुटला की काय होई, याचे उत्तर भास्करबुवा बखल्यांच्या चरित्रात मिळते. 1884 च्या 'रामराज्यवियोगा'त किर्लोस्कर मंडळीत कैकेयी करणारा हा मुलगा. आवाज फुटला, किंमत उतरली, कंपनी सुटली. पुढे बडोद्याचे फैज महंमद खाँ, मग नत्थन खाँ, अल्लादिया खाँ अशी तालीम घेऊन ते नाटक कंपनीत परतले ते गुरू म्हणून. 1916 च्या 'स्वयंवरा'चे संगीत त्यांचे, आणि बालगंधर्व त्यांचे शिष्य. ही कथा आपण मोठ्या प्रेमाने सांगतो. पण बुवा अपवाद होते म्हणूनच ती सांगता येते.

कोरियात निदान भांडण कागदावर आले. 2009 मध्ये एका गाजलेल्या गटाचे तिघे गायक तेरा वर्षांच्या करारनाम्याविरुद्ध न्यायालयात गेले. त्याच वर्षी तिथल्या व्यापार आयोगाने सात वर्षांची मर्यादा घालणारा नमुना करार काढला. 2017 मध्ये प्रशिक्षण सोडणाऱ्या मुलांकडून खर्चाच्या दुप्पट-तिप्पट वसुली करण्याची कलमेही त्याने कंपन्यांना बदलायला लावली. एवढ्याने जाच संपला असे मी म्हणत नाही. पण जाचाला कलम क्रमांक मिळाला, तो वाचता येऊ लागला. आपल्याकडे 'कंपनी म्हणजे घर' या गोड समजुतीत असे कलम कधी उमटलेच नाही. घराविरुद्ध फिर्याद कोण करणार?

आपल्याकडे सुटकेचा मार्ग वेगळा होता : स्वतःची कंपनी काढणे. 1908 मध्ये हुबळीत केशवरावांची 'ललितकलादर्श', 1913 मध्ये बालगंधर्व, बोडस, टेंबे यांची गंधर्व मंडळी, 1918 मध्ये दीनानाथ आणि कोल्हटकरांची 'बळवंत'. नाट्येतिहासात या तारखा कलेच्या टप्प्यांसारख्या दिल्या जातात. नोकरांनी मालकी मिळवल्याच्या तारखा म्हणून त्या वाचल्या तर बरेच काही वेगळे दिसते. अर्थात हे दार ज्याचा गळा शाबूत राहिला त्याच्यासाठीच होते. आवाज फुटलेल्या पोराच्या जागी, पुढच्या मुक्कामी, त्याच भूमिकेसमोर दुसऱ्या मुलाचे नाव येई.