ताडकळसचा आवाज : गंगूबाई अंबोरे यांच्या ओव्यांचे ध्वनिमुद्रण

मराठी लोकसाहित्याच्या अभ्यासात जात्यावरील ओवीकडे प्रामुख्याने छापील संहिता म्हणून पाहिले गेले. ओव्या उतरवून घ्यायच्या, माहेर, भाऊ, सीता, विठ्ठल अशी विषयवार मांडणी करायची आणि त्यांतील स्त्रीजीवनाचे दर्शन सांगायचे, ही पद्धत अध्यापनात रूढ आहे. परभणी जिल्ह्यातील पूर्णा तालुक्यातील ताडकळस येथील गंगूबाई अंबोरे यांचे ध्वनिमुद्रण या पद्धतीची मर्यादा उघड करते.

हेमा राईरकर व गी पॉइत्वाँ यांच्या प्रकल्पात महाराष्ट्रभरातून एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या. १९९० च्या दशकात बर्नार्ड बेल यांनी अनेक गायिकांचे ध्वनिमुद्रण केले. गंगूबाई त्यांपैकी एक. पॉइत्वाँ यांचे २००४ मध्ये व राईरकर यांचे २०१० मध्ये निधन झाले. पुढे २०१७ पासून 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया'ने हा संग्रह प्रकाशात आणला आणि हा आवाज सर्वसामान्य श्रोत्यापर्यंत पोहोचला.

गंगूबाईंच्या ओवीत अरण्यात रडणारी सीता आहे. तिचे रडणे ऐकणाऱ्या तिच्या बायका म्हणजे बोरी आणि बाभळी. ही पुराणातील तपोवनाची झाडे नव्हेत. मराठवाड्याच्या बांधावरची, पदराला ओरबाडणारी काटेरी झाडे आहेत. कागदावर ही प्रतिमा केवळ कल्पक वाटते. गंगूबाईंच्या आर्त स्वरात ती कल्पना राहत नाही. कोणीतरी खरोखर रडत असल्याची वार्ता होते. शिवाय छापील संग्रहांत टेक बहुधा गाळली जाते. गाण्यात मात्र तीच पुन्हा पुन्हा परतून दुःखाला मुदत देते.

जॅझच्या समीक्षेला हा भेद अपरिचित नाही. बिली हॉलिडे हिच्या १९३३ मधील पहिल्या ध्वनिमुद्रणाचे मूल्यमापन कोणी केवळ गीताच्या शब्दांवरून करत नाही. शब्द कोठे रेंगाळला, श्वास कोठे घेतला, हेच पाहिले जाते. ओवीगायिकेच्या वाट्याला असे श्रवण क्वचितच आले.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. स्वरातील आर्ततेचे थेट गायिकेच्या चरित्राशी समीकरण मांडणे घाईचे ठरेल. सीतेचा वनवास हा ओवीपरंपरेचा सामाईक ठेवा आहे. सर्वांचे शब्द स्वतःचे करून गाण्यात गंगूबाईंचे कर्तृत्व आहे, आणि त्यांना केवळ 'माहितीदार' म्हटल्याने नेमके तेच झाकले जाते. टेक कोठे परतते, श्वास कोठे तुटतो, या प्रश्नांना लोकसाहित्याच्या प्रश्नपत्रिकेत अद्याप फारशी जागा नाही.